ब्रेकवरची फुंकर

आमच्या गाडीची पुढची चाकं आज पुसली की परवा पुन्हा बुक्का फासल्यासारखी काळी. म्हणून मी गॅरेजवाल्या शंकरमामांकडे गेलो आणि ऐटीत म्हणालो, "मामा, कमी धूळ पाडणारे ब्रेक पॅड टाका."

"पुसायचा कंटाळा आला होय रे गाढवा?" मामा हसले, मग खोकले. पूर्वी मी त्यांच्या हसण्याची नक्कल करायचो. आता हसणं कुठं संपतं आणि खोकला कुठं सुरू होतो तेच कळत नाही, नक्कल काय करणार?

चाक काढून त्यांनी डिस्कवर नख फिरवलं. "चर पडलेत. डिस्कपण बदलू, नाहीतर नवे पॅड खाऊन टाकंल. पॅड सिरॅमिकचे घे, चाकं गोरी राहतील." मग तोंड जवळ नेऊन त्यांनी ब्रेकवर फू केलं. काळा ढग उठला, अर्धा त्यांच्याच नाकात गेला.

आपल्याकडे फुंकर घालतात फुटलेल्या गुडघ्यावर, नाहीतर गरम दुधावर. मामांनी तीस वर्षं ती ब्रेकवर घातली. चाकं काळी झालेली दिसली म्हणून मी धावत आलो. छाती कुणाला दिसते?

"डॉक्टर काय म्हणाले, मामा?"

"काम सोडा म्हणाले. फुप्फुसाला पॅड मिळत नाहीत म्हणे."

"मग?"

"मग काय! दुसरं चाक खोलू."

मी फडकं भिजवून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, धूळ यानं पुसा. त्यांनी त्याला नीट हात पुसले, फडकं मला परत दिलं, आणि वाकून पुन्हा फू केलं.