रडत्या गाडीवर माणूस बसवायचा नाही

माझ्या वडिलांच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की वाडीतल्या कावळ्यांना वाटायचं, कुणीतरी त्यांचं पिल्लू धरलंय. कावळे उडायचे, शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "आली गो तुझी गाडी रडत." मी अलिबागच्या कोर्टात लोकांची भांडणं टाइप करते. दिवसभर ती ऐकून चौलला घरी यायचं आणि फाटकातच आपल्या गाडीने साऱ्या आळीसमोर गळा काढायचा, हे सुख काही औरच होतं.

गाडी जपानी. बाबा आखातात क्रेन चालवत होते तेव्हा त्यांनी ती लाकडी खोक्यात घालून आणली. लोकांनी तिकडून सोनं आणलं, टेपरेकॉर्डर आणले, मिक्सर आणले. आमच्या बाबांनी ब्रेक आणला. पुढच्या चाकाला डिस्क असलेली गाडी तेव्हा आमच्या पट्ट्यात कुणी पाहिली नव्हती, आणि ती चकचकीत थाळी बघायला माणसं रेवदंड्याहून चालत यायची असं बाबा सांगतात. माणसं चहा प्यायला यायची असं आई सांगते. ते काही असो, बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी गाडी माझ्याकडे आली. पन्नाशीची बाई हे धूड चालवते म्हणून नाक्यावर सुरुवातीला बरीच करमणूक झाली. आता लोकांना सवय झाली आहे, किंवा मोबाइलवर याहून चांगलं काही मिळालं असेल.

मागच्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात पडले. खुब्यात सळी बसली, हातात काठी आली आणि डोक्यात एकच गोष्ट उरली. माझ्या मागे बसून रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापर्यंत एकदा जायचं, आणि जायचं ते याच गाडीवरून. मी रिक्षा सुचवली तर म्हणाले, "रिक्षात घालून न्यायला मी काय नारलाचं पोतं हाय?" डॉक्टरांनी सावकाश न्यायला परवानगी दिली. पण आमच्या घरात डॉक्टरांच्या वर एक अधिकारी आहे. आईने निकाल दिला, "रडत्या गाडीवर मानूस बसवायचा न्हाय. आधी तिचं रडं बंद कर." आमच्या कोर्टात निदान वर अपील तरी करता येतं.

तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी लुंगी सोडून पँट चढवायचे आणि ओटीवर कान देऊन बसायचे. मी फाटकात ब्रेक दाबायची, गाडी किंचाळायची, आणि बाबा काठी टेकत आत जाऊन पुन्हा लुंगी नेसायचे.

अलिबागच्या मेकॅनिकने चाकापुढे उकिडवं बसून एका नजरेत निदान केलं, "खारी हवा." आमच्या किनाऱ्यावर हे फार सोयीचं कारण आहे. पंखा जळला, खारी हवा. खिडकीचे गज गेले, खारी हवा. जावई टिकला नाही तरी कुणीतरी समुद्राकडेच बोट दाखवतं. त्याने ब्रेकचे पॅड काढून मला दाखवले. त्यांच्यावर लालसर, चिकट थर होता. "गंज," तो म्हणाला. मीही गंजच म्हटलं, कारण इथे लाल दिसेल ते गंज, हे आम्ही बाळघुटीबरोबर प्यायलेलो असतो. त्याने पॅड पॉलिश पेपरवर घासले, थाळी पेट्रोलने पुसली, आणि ब्रेक मुका झाला. घरी येताना मी रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्यासाठी मानाने थांबले.

आता आमच्याकडे दुरुस्त होऊन आलेली वस्तू तशीच वापरत नाहीत. पंप असो, होडी असो, गाडी असो, घरी आली की दर दसऱ्याला होते तशी तिची पूजा होते. आईने गाडीवरून लिंबू उतरवलं, चाकापुढे नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हळदकुंकवाची बोटं उठवली. मी शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभी. रात्र झाली होती म्हणून बाबांना दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकात कावळे उडाले.

मी पुन्हा मेकॅनिककडे गेले. पुन्हा घासाघीस, पुन्हा शांतता, पुन्हा नारळ, आणि पुन्हा तीच बोंब. मग त्याने दुसऱ्याच कुठल्या गाडीचे नवे पॅड आणून, कडा घासून बसवले आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की आता वाजला तर मी धंदा सोडीन. वाजला. धंदा अजून चालू आहे.

शेजारच्या बंगल्याचे मालक शुक्रवारी मुंबईहून रो-रो बोटीने येतात आणि रविवारी आम्हाला थोडं शहाणं करून परत जातात. ते म्हणाले, "आवाज घालवू नका, तेच तर गाडीचं कॅरेक्टर आहे." त्यांना ती त्यांच्या व्हरांड्यात कुंडीशेजारी ठेवायला हवी होती. कॅरेक्टर घेऊन किनाऱ्यावर जाता येत नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. बाबांनी त्या दिवशी पँट घातली नाही, आणि ते मला फार लागलं.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच पाने-पकड घेऊन बसले. मोबाइलवरचा एक माणूस सांगत होता की पॅडने तेल प्यायलं असेल तर ते विस्तवावर जाळून काढावं. माझ्या ब्रेकला तेल कोण पाजणार, म्हणून मी हसले. पण घासून झालं होतं, पुसून झालं होतं, बदलून झालं होतं. शिवाय आई बाजारात गेली होती, आणि आमच्या शेगडीवर असलं काही करायचं तर तोच मुहूर्त. पॅड सांडशीत धरून गॅसवर ठेवले. जरा वेळाने धूर निघाला, आणि आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "आज काय तलतेस गो?"

मी वास घेतला. करपलेलं खोबरेल. ज्याच्या घरामागे नारळाची वाडी आहे त्याला हा वास झोपेतही ओळखता येतो. मग गॅस बंद करून अंगणात गेले आणि थाळीच्या कडेला साचलेल्या तशाच लाल थरावरून बोट फिरवून बघितलं. गंज बोटाला असा लागत नाही. ते कुंकू होतं. अलिबागपर्यंत एवढ्या चकरा मारल्या त्या काखेत कळसा घेऊन.

आई आली ती शेगडी बघून थबकली. "माझ्या चुलीवर चाकाचं काय घातलंस?"

"आई, गाडीला कुंकू कुठे लावतेस?"

"थालीवर. सगल्यात लख्ख जागा तीच हाय."

"आणि तेलात कालवून?"

"लोखंडावर कोरडं टिकतं व्हय?"

"त्या तेलाने ब्रेक वाजतो."

मला वाटलं, ती आता तोंडावर हात ठेवील. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली, मेथीची जुडी सोडवली आणि म्हणाली, "ठावं हाय मला."

मी कोर्टात पुष्कळ कबुल्या टाइप केल्या आहेत, पण इतकी थंड कबुली ऐकली नव्हती. पहिल्या खेपेला तिला माहीत नव्हतं म्हणे. पूजेनंतर दुसऱ्यांदा वाजला तेव्हा समजलं. "तिसऱ्या खेपेला तेल जरा जास्तच घातलं," ती म्हणाली. "देवाचंबी झालं, माझंबी झालं."

"पण का? ते रोज पँट घालून बसतात, दिसत नाही तुला?"

ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी न्हानीत पडले तवा घरात मी येकटीच. माज्यानं उचलवलं न्हाय गो. डोकं मांडीवर घेऊन बसले निस्ती, तू येईस्तवर. आता रस्त्यात पडले तर?" तिचा आवाज वर गेला नाही. "गाडी रडते तवर घरात ऱ्हातात."

मला तिची दया आली हे खरं, पण त्याआधी राग आला, आणि तो मी गिळला नाही. "आणि मी? मी त्याच ब्रेकवर रोज अलिबागला जाते."

"वाजतो निस्ता."

"नुसता वाजत नाही, आई. तेल लागलेला ब्रेक धरत नाही. मी मागच्या ब्रेकवर आणि हॉर्नवर दिवस काढतेय."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघेना, आणि मग बघतच राहिली. आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही. आम्ही कामाला लागतो. ती उठली, मोरीतून काथ्या आणि भांड्यांचा साबण घेऊन अंगणात गेली, पाटावर बसली आणि ती थाळी घासायला लागली. जेवायची हाक मारली तरी उठली नाही. ती थाळी जपानहून निघताना एवढी लखलखत नसेल. मी पॅड पुन्हा घासले, बसवले, बोल्ट आवळले आणि आळीत दोन फेऱ्या मारून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघितला. कावळे जागचे हलले नाहीत.

ऊन उतरल्यावर बाबा पँट घालून आले. त्यांना आतून सगळं ऐकू गेलं होतं, पण आईला काही न बोलण्याइतके ते हुशार आहेत. मी त्यांना धरून मागे बसवलं. या खेपेला आईने नारळ तुळशीपाशी फोडला. कुंकवाचं बोट घेऊन ती गाडीजवळ आली, सवयीने चाकाकडे वाकली, थांबली. ते बोट तिने बाबांच्या कपाळाला लावलं आणि मग माझ्या. त्यानंतर पदर खोचून ती थेट फाटकात जाऊन मधोमध उभी राहिली.

"ये," ती म्हणाली. "माझ्यापावत ये आनि थांब."

"आई, बाजूला हो."

"धरतो ना ब्रेक? मग ये."

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "जा गो. ती हलायची न्हाय."

मी गाडी पुढे घेतली. फार वेग नव्हता. आई जवळ आली, आणखी जवळ आली, आणि मी पुढचा ब्रेक दाबला. चाक तिच्या लुगड्याच्या काठापासून वीतभर अलीकडे थांबलं. आवाज मुळीच आला नाही.

आई हलेना. मग मला दिसलं की तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. ब्रेक वाजला नाही, तेव्हा गाडी थांबल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"थांबलो, आई," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून बाबांकडे. बाजूला झाली आणि फाटक हाताने धरून म्हणाली, "सावकास जावा."