बाथरूमच्या कपाटाचं दार

"हे गेले गं..." वहिनी फोनवर एवढंच बोलली आणि तिच्या मागे वॉशिंग मशीनचा आवाज येत राहिला. लेस्टरहून ब्रिस्टलला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तोच घुमत होता. दादा बागेत उभ्या उभ्या कोसळला. हार्ट. लोकांच्या घरांतलं वायरिंग तपासण्यात आयुष्य गेलं त्याचं, आणि स्वतःचं हृदय दाखवायला मात्र त्याला कधी वेळ झाला नाही. मला त्याचा अजून राग येतो.

त्या मशीनवरून त्या घरात महायुद्ध झालं होतं. इथे इंग्लंडमध्ये बहुतेकांचं मशीन किचनमध्येच असतं, पण वहिनीला ते कधी पटलं नाही. "मळके कपडे पोळपाटाशेजारी? शी!" बाथरूममध्ये चांगलं मोठं कपाट होतं, त्यात मशीन ठेवायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. दादा ऐकेना. "बाथरूममधलं कपाट म्हणजे बाथरूमच. टबच्या इतक्या जवळ सॉकेट चालत नाही." "अहो, दार लावलं की झालं ना!" "आणि उघडं राहिलं तर? ओला हात थेट पोचतो तिथं." ती हट्टी आणि आमचा दादा नियमांचा किडा. शेवटी त्यानं कपाटाचं बाथरूमकडचं दार काढून तिथं भिंत घातली आणि बाहेर, जिन्यावरच्या लँडिंगकडून नवं दार पाडलं. नियमही पाळला गेला आणि पोळपाटही सुटला. येईल त्या पाहुण्याला वहिनी ते कपाट उघडून दाखवायची.

तरी त्याची धास्ती गेली नाही. अंघोळीला गेला की आतून ओरडायचा, "नलू, बंद केलंस?" मशीन चालू असो वा नसो, वहिनी लँडिंगवर जाऊन स्विच बंद करायची. "केलं हो!" मग आतून "बरं" यायचं आणि मगच पाणी सुरू व्हायचं. "दादा, अरे तुझ्याच भिंतीवर तुझा विश्वास नाही?" असं मी चिडवायचे. तो हसायचा नाही. तपासणीला गेलेल्या एका घरात त्यानं काहीतरी पाहिलं होतं... काय, ते कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाला, "त्या कपाटालाही दार होतं गं."

गेल्या आठवड्यात वहिनीला कायमचं लेस्टरला आणायला गेले. तिनं एकटीनं राहू नये असं आम्हा सगळ्यांचंच मत. तिच्या बॅगा भरून खाली दाराशी आणून ठेवल्या. निघण्याआधी मी अंघोळीला गेले, कडी लावली. तेवढ्यात बाहेर कपाट उघडल्याचा आवाज आला, मग स्विचचा खट्.

"केलं हो!"

मी काही विचारलंच नव्हतं. नळावर हात ठेवून तशीच उभी राहिले. बाहेर वहिनीही हलेना. तिला काय ऐकायचंय ते मला कळत होतं.

"बरं," मी म्हटलं.

मगच तिची पावलं जिना उतरू लागली. बॅगा मी संध्याकाळी परत वर नेल्या.