कुहीला नेटवर्क जोडायला गेले तेव्हा

काकूंचा फोन सकाळी आला. "नेट चालूनच नाही राहिलं वं. नर्सिंगच्या फॉर्मची आज लास्ट डेट हाये." कुहीला त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथलं नेटवर्क मीच बसवलं होतं. अर्धी रजा टाकून निघाले.

नागपूरच्या प्रताप नगरहून स्कूटरने दीड तास धरा. उमरेड रोड बरा, पुढे खड्डे. धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी चालली होती, आभाळ एकसारखं करडं. कुहीत स्टँडजवळ आलुबोंडा-रस्सा चाळीस रुपयांत मिळतो. तिखट असतो, पाणी सोबत ठेवा. मोबाइलला मात्र धड रेंज नाही.

दुकानात प्रणाली बसली होती, बारावी झालेली, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. फॉर्म पाचला बंद होणार होता. सव्वातीन झाले होते.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाकायची काळी खिडकी, उघडलं. सीपीयूवर मागे मीच चिकटवलेल्या कागदावरून आयपी पत्ता आणि राउटरचा पत्ता हाताने टाकला. जोडणी तपासायला पिंग करून पाहिलं; उत्तरं आली, मिनिटभराने थांबली. केबल बदलली. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

"हे मशीन तुझी परीक्षा घेऊन राहिलं," काकू म्हणाल्या.

"ताई, मी चौकातल्या दुकानात जाऊ काय?" प्रणालीने विचारलं. "तिथं लाइन हाये, पण होऊन जाईन."

"थांब. दहा मिनिटं."

ती थांबली. पुन्हा विचारलं नाही.

पाचला पंधरा कमी असताना मी उलटं तपासलं: हाच पत्ता आणखी कुठल्या यंत्रावर आहे का? होता.

"काकू, आत दुसरा संगणक आहे?"

"गेल्या हप्त्यात घेतला ना. तुझ्या कागदावरचे नंबर जसेच्या तसे टाकले."

"दोघांना एकच पत्ता चालत नाही."

"काहून? तूच तर लिहून ठेवलं, एकही आकडा बदलू नका म्हणून."

अक्षर माझंच होतं. खाली दोन रेघाही होत्या.

आतल्या संगणकाचा शेवटचा आकडा बदलायला वीस सेकंद लागले. प्रणालीची माहिती भरून झाली, फोटो चढला. सही चढत असताना मुदत संपल्याची ओळ आली.

"पुढच्या वर्षी भरीन," ती म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.

परतताना चौकातल्या दुकानापाशी थांबले. रांग नव्हती. मालक म्हणाला, "साडेचारलेच सगळ्यांचे झाले, मॅडम."

असं काही जोडायला जाणार असाल, तर आज्ञा टाकण्याआधी विचारा की त्या जागी नवं काय आलंय. हे मला माहीत होतं.

घरी पोचले तर काकूंचा मेसेज होता: दोन्ही मशीन मस्त चालून राहिल्या. मी अंगठा पाठवला. मग प्रणालीचा नंबर मागणारी ओळ लिहिली, आणि पुसली.