शोभाच्या वेलीसोबत आलेली माय

टेम्पो दारात उभा होता, सामान चढलं होतं आणि माय अंगणातल्या वेलगुलाबापाशी अडून बसली होती. तिन्हीसांज झालेली. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, ते झोपलेलं असतं, हा आमच्या फुलवाल्या घराचा कायदा. आणि वेलीची फांदी घेतल्याशिवाय माय हलणार नव्हती. शेवटी टेम्पोवाला बडबड करत ओसरीवर झोपला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

मुदखेडकडच्या माझ्या माणसांनो, तुम्ही तेव्हा फाटकाशी उभे राहून कुजबुजत होतात, की म्हातारी आता लेकीच्या दारात जाऊन पडणार. मला ऐकू येत होतं. बाबा गेलेले, भाऊ नाही, मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं जायचं तरी कुठं? पण लेकीच्या घरी राहायची लाज तुमच्यापेक्षा तिलाच जास्त होती. त्यावर तिनं स्वतःच तोड काढली. टेम्पोत चढताना मला म्हणाली, "मी तुझ्याकडं न्हाई चालले, बाई. मी शोभासंगं चालले."

शोभा माझी थोरली बहीण. लग्न ठरायच्या आधीच तापानं गेली. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरून कलम कसं करायचं, हे बाबांनी तिला शिकवलं होतं, आणि तिच्या हातचा पहिला जगलेला डोळा म्हणजे ही वेल. फुलं गडद गुलाबी. वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. शेतातली बाकी फुलं नांदेडच्या बाजारात जायची, हिचं फूल कधी गेलं नाही. शोभा गेल्यावर माय रोज संध्याकाळी वेलीपाशी बसून तिच्याशी बोलायची. आज काय शिजवलं, कोण आलं, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. सगळ्यात जास्त भीती मायच्या थांबण्याची. ती विचारायची, मग गप्प राहायची, आणि मग कुणी उत्तर दिल्यासारखं "हाव, हाव" म्हणायची.

तर ती फांदी. मायनं हातानं चाचपून बुंध्यापाशी फुटलेली सगळ्यात जाड फांदी निवडली. शेण लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून, लोहा, अहमदपूर, चाकूर करत ती लातूरपर्यंत मांडीवर घेऊन आली.

लातूरचं आमचं घर तुम्ही पाहिलंय. वरच्या मजल्यावर क्लासेसची पोरं भाड्यानं, खाली आम्ही, आणि पाणी आलं तर आलं. वेलीला मात्र भांडी विसळलेलं पाणी रोज मिळायचं. ती धरली, फाटकाच्या कमानीवर चढली. मायचा मुक्काम पक्का झाला. संध्याकाळी खुर्ची टाकून फाटकाशी बसायची आणि बोलायची. वरची पोरं चप्पल हातात घेऊन हळूच जिना चढायची.

मग वेल फुलली. पांढरी, बारीक, घोसाघोसानं. वास नाहीच.

फुलवाल्याच्या पोरीला कळायला वेळ लागत नाही. मायनं निवडलेली फांदी डोळ्याच्या खालची होती, खुंटाची. शोभाच्या हातचं जे होतं ते गावातच राहिलं, आणि आम्ही नुसता रानगुलाब घेऊन आलो होतो. वेल शोभाची नाही हे मायला कळलं, तर लेकीच्या घरी राहायला तिच्याकडे कारण उरत नव्हतं. ती त्याच दिवशी गाठोडं बांधून, भाडेकरू काढून, गावच्या घरात एकटी जाऊन राहिली असती. त्या डोळ्यांनी! "फुलली का ग?" ती विचारायची. मी म्हणायची, "कळ्या धरल्यात."

मी शिकवते त्या शाळेच्या कामाचं निमित्त करून मी गावी आले. आपल्या घरातल्या भाडेकरूंनी वेल उपटून टाकली होती. पोरांना काटे लागतात म्हणे. मुळीसुद्धा ठेवली नव्हती. मी त्या जागेवर उभी राहिले, आणि खरं सांगते, वास आला. वेल नव्हती, वास होता. मी मागं न बघता स्टँड गाठला.

मग नर्सऱ्या पालथ्या घातल्या. नांदेडच्या, लातूरच्या. "मॅडम, हा क्लायंबर घ्या, लई चालून राहिलाय," म्हणत एकानं नारिंगी फुलांची वेल दाखवली. बायका तूप पारखतात तशी मी एकेक फूल हुंगत होते. बहुतेकांना रंग होता, वास नव्हता. शेवटी एक गडद गुलाबी मिळाली, थोडा वास असलेली. गुलाबाच्या जागी गुलाब सहजी धरत नाही, म्हणून रानगुलाब उपटून कमानीखालची माती गुडघाभर उकरून काढली, नवी काळी माती आणि शेणखत भरलं. मायला सांगितलं, छाटणी चाललीय. ती म्हणाली, "छाट."

नवी वेल फुलली तेव्हा पहिलं फूल मी तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते हुंगलं, देठावरून बोट फिरवलं.

"ही शोभाची न्हाई," माय म्हणाली.

मी फूल परत घ्यायला हात पुढं केला.

"पहिली बी नव्हती. कमानीवरचे घोस हाताला लागले, वास न्हाई आला, तवाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर जावं लागलं असतं ना, बाई. मला कुठं जायचं होतं?"

मी रडले. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि तिला माझ्याकडेच राहायचं होतं. डोळे पुसून मी विचारलं, "मग रोज संध्याकाळी कुणाशी बोलत होतीस?"

"शोभाशी. ती काय वेलीत हाय व्हय? ती आपल्यासंगंच टेम्पोत बसली."

माय गेल्या वर्षी इथंच गेली. तिला गावी आणलं नाही म्हणून तुम्ही अजून रागात आहात, म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्हाला वाटतं तिचं घर तिकडं होतं. तिनं स्वतःचं घर निवडलं होतं, फक्त ते उघड म्हणायची तिला चोरी होती. माझं म्हणाल, तर गाव सुटलं आणि लातूर कधीच पूर्ण माझं झालं नाही. पण हल्ली मी संध्याकाळी फाटकाशी बसते. आज काय शिजवलं ते दोघींना सांगते, मग थांबते, आणि मग "हाव, हाव" म्हणते. नवऱ्याला वाटतं, मी फोनवर आहे.