बिनखांबाचा कोपरा

रामाजी मिस्त्रीने चौतीस वर्षांत नागपुरात किती घरं बांधली, ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. पण कोणत्या घराचा कोणता कोपरा गुण्यात बसला नाही, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. तो कायम त्याच्या पिशवीत असे, आणि कोणाकडे नुसता चहाला गेला तरी याची नजर आधी दोन भिंती मिळतात तिथे जाई. बायको रुखमाबाई चिडवायची, "मले पाहाले आले तवाबी माह्या बापाच्या घराचा कोपराच पाहून राहिले होते तुमी." रामाजी गंभीर चेहऱ्याने म्हणे, "वाकडा होता वं."

अशा माणसाच्या वाट्याला कोपराच नसलेलं घर यावं!

सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या कार्यालयातून गोपाळराव निवृत्त झाले आणि नागपूरच्या कडेला, बेसाला प्लॉट घेऊन घर बांधायला निघाले. त्यांच्या मुलाने, विहंगने, मोबाइलवर एक चित्र दाखवलं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खांब नाही. दोन्ही बाजूंना काचेची सरकती दारं. ती ढकलली की कोपरा सताड उघडा, अंगण आणि दिवाणखाना एकच. वरचा स्लॅब नुसता पुढे आलेला, खाली कशाचा आधार नाही. इंजिनिअरने नकाशा दिला, सळया मोजून दिल्या. नकाशात काही खोट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच त्या बिचाऱ्यावर संशय घ्याल.

असा पुढे आलेला स्लॅब तोलून धरते ती त्याच्या वरच्या अंगाला बांधलेली सळयांची जाळी. ती वर राहिली तर स्लॅबला काही होत नाही. पायाखाली दबून तळाशी गेली तर मात्र ती असून नसल्यासारखी. रामाजी हे दुसऱ्यांना शिकवायचा. सळयांवर चुकून कोणी पाय दिला तर आईबहिणीवरून बोलायचा, मग तो ठेकेदार का असेना.

स्लॅब टाकायच्या दिवशी सगळी मंडळी नारळ फोडायला वर आली. गोपाळराव, त्यांच्या पत्नी सिंधूताई, विहंग, व्याही, शेजारी, अकरा माणसं. खाली मिक्सर मशीन सुरू झालेलं. पूजा कुठे करायची, तर अर्थातच त्या बिनखांबाच्या कोपऱ्यावर! पूजेपुरतं रामाजीनेही चालवून घेतलं. नारळ फुटला. रामाजी "उतरा आता" म्हणणार, तोच गोपाळरावांनी पिशवीतून शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली. हातात श्रीफळ दिलं. "हा कोपरा उभा करणारा आमचा मिस्त्री," ते सगळ्यांना म्हणाले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला.

तोवरच्या एकतीस वर्षांत त्याला कोणी शाल दिली नव्हती. घर झालं की गृहप्रवेशाच्या दिवशी मिस्त्रीला मागच्या दाराने बोलावतात, वाटीभर बुंदी देतात आणि विसरतात. रामाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोटो काढणारा "अजून जवळ, अजून जवळ" म्हणत होता आणि अकरा माणसांच्या पायांखाली जाळी दबत होती. रामाजीच्या तळव्यांना ते कळलं. मंडळी उतरल्यावर मशीन थांबवून जाळी उचलायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम. पण ज्यांनी आत्ताच शाल घातली, त्यांना तुमच्याच पायांनी जाळी दबली असं कसं म्हणायचं? एवढ्याने काय होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मशीनवाल्याला हात केला.

दोन वर्षं काही झालं नाही. मग दार अडलं.

काचेचं काम करणारा सुशील आला. त्याने दाराखालच्या चाकांचे स्क्रू फिरवून दार थोडं खाली घेतलं, आणि ते सरकू लागलं. तीन महिन्यांनी पुन्हा अडलं, पुन्हा स्क्रू फिरवले. तिसऱ्यांदा सुशीलने रामाजीला मनीषनगरच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि हसत हसत सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या त्या काचवाल्या घरचा स्क्रूच संपला ना गा. आता दार खाली घ्याले जागाच नाई. काहून अडून राहिलं, समजत नाई."

रामाजीला समजलं. हातातला चहा तसाच ठेवून तो उठला.

नळीत पाणी भरून लेव्हल पाहण्याची जुनी रीत असते, ती नळी घेऊन तो दुसऱ्या दिवशी बेसाला गेला. गोपाळराव बाजारात गेले होते. सिंधूताईंनी कौतुकाने चहा केला. दिवाणखान्याच्या भिंतीवर तो फोटो मोठा करून लावलेला होता. शाल पांघरलेला रामाजी मधोमध, दात काढून हसणारा. त्याच्याकडे पाठ करून त्याने माप घेतलं. स्लॅबचं टोक तीन सूत खाली आलं होतं. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे तीन सूत काहीच नाही असं तुम्हाला वाटेल. रामाजीच्या तोंडचं पाणी पळालं. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर भिंतीच्या रेषेत लांबच लांब भेग, नख आत जाईल एवढी.

तो उतरला तेव्हा गोपाळराव आले होते. "रामाजी! बरा आला. रविवारी गच्चीवर भरिताचा कार्यक्रम ठेवला, साठ लोकं येऊन राहिले. तू अन् रुखमाबाई दोघंही या. शाल घालून ये बरं!"

"साहेब, गच्चीवर नका करू," रामाजी म्हणाला. "या कोपऱ्याले खांब लावून घ्या. मले बरोबर नाई वाटून राहिलं."

"काहून? इंजिनिअरनं पास केला ना?"

"इंजिनिअरचं बरोबर हाय."

"मंग?"

रामाजी खाली बघत नळी गुंडाळू लागला. गोपाळराव हसले. "खांब लावला तं काच कशाले लावली गा मी? तू आता म्हातारा झाला, उगाच भेतं."

रामाजी घरी आला आणि जेवला नाही. शनिवारीही जेवला नाही. चौतीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं. बेसात, मनीषनगरात पुन्हा कोणी त्याच्या हातात थापी देणार नव्हतं. आणि न बोलावं तर साठ माणसं त्या कोपऱ्यावर पंगतीला बसणार होती. रुखमाबाईने ताट सरकवून ठेवलं. "काय झालं जी? सांगा तं खरं."

त्याने सांगितलं. सगळं, शालीसकट. मग उठून तिने ट्रंकेतली शाल काढली, पाहिली आणि परत ठेवली. "टेकू कोणापाशी भेटन?" तिने विचारलं.

रविवारी दोघं ऑटोत लोखंडी टेकू आडवा घालून बेसाला पोचली. वांगी भाजल्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. वीसेक माणसं आधीच गच्चीवर होती, बाकीची अंगणात. सिंधूताईंनी उघड्या कोपऱ्यात मधोमध रांगोळी काढली होती. डावीकडचं दार मात्र अडलेलंच होतं, आणि गोपाळराव खांदा लावून ते ढकलत होते.

रामाजीने कोणाला नमस्कार केला नाही. त्याने टेकू रांगोळीवर उभा केला, वर फळी दिली आणि टेकू लांब करायचा खालचा पेच फिरवायला घेतला.

"अरे, काय करून राहिला तू? रांगोळी!" सिंधूताई ओरडल्या. विहंगने त्याचा दंड धरला. "काका, सोडा. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे," रामाजी म्हणाला. पेच फिरत होता. एक वेढा. दोन वेढे. वर कुठेतरी करकरलं. आणि इतका वेळ जागचं न हललेलं दार सर्रकन सुटलं. गोपाळराव त्याच्याबरोबर तोल जाऊन पुढे गेले आणि चौकटीला धरून कसेबसे उभे राहिले.

गोपाळरावांनी दाराकडे पाहिलं, टेकूकडे पाहिलं, मग वर. जन्म खाणीच्या कार्यालयात गेलेला माणूस. छत खाली येतं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"विहंग," ते म्हणाले, "वरच्या सगळ्याइले खाली आण. हळू. पळू नका म्हणा."

एकेक माणूस जिन्याने उतरू लागला. टेकू धरायची गरज नव्हती, तरी रामाजी दोन्ही हातांनी तो धरून उभा होता. शेवटची बाई भाजलेल्या वांग्यांची परात घेऊन खाली आली, तेव्हा कुठे त्याने हात सोडले.

"तुले कवापासून माहीत होतं?" गोपाळरावांनी विचारलं.

रामाजीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "तवापासून. हे पाय मोजा साहेब. जाळी दबली होती. मले उचलाले पाहिजे होती. तुमी शाल घातली, अन् मले बोलता नाई आलं."

गोपाळराव फोटोपाशी गेले. त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला.

"स्लॅब तोडून नवा टाकू," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच रामाजीला सहन होईना. "पण तुझ्या हातानं नाई."

रुखमाबाईने डोळ्यांना पदर लावला. रामाजीने मान हलवली आणि पिशवी उचलली. अंगणातल्या माणसांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. फाटकाशी पोचल्यावर तो थांबला.

"कोणाच्याही हातानं टाका, साहेब," तो म्हणाला. "फक्त लोह्याची जाळी बांधली का कोणाले वर चढू देऊ नका. त्या मिस्त्रीले शाल द्याची असन, तं खाली जमिनीवर द्या."