उचलून देणारा

स्टँडवरच्या रॉडच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेटा मी काढल्या. नीट एकावर एक रचून ठेवल्या. आता दुसऱ्या बाजूकडे वळणार, तोच रॉड उलटला. भरलेली बाजू धाडकन खाली, रिकामं टोक वर, आणि भिंतीवरचा आख्खा आरसा खळ्ळकन जमिनीवर.

जिममधला माझा पहिला दिवस. व्यायाम अजून सुरूही झाला नव्हता. आरसा फुटायच्या आधी मी स्वतःला त्यात बघून मात्र घेतलं होतं. बनियन, ढेरी आणि खाली ऑफिसची खाकी पँट.

आम्ही धनगर. एके काळी आमचं सगळं घर घोडीच्या पाठीवर असायचं. वडलांनी मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं, की घोडीवरचं ओझं दोन्ही बाजूंनी एकदम उतरवायचं. एकच बाजू मोकळी केली तर ओझंही जातं आणि घोडीही बिथरते. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मंचरच्या त्या जिममध्ये, भिंतीवरच्या तेल लावलेल्या पैलवानांच्या फोटोंखाली उभा राहिलो आणि वाटलं, इथली विद्या वेगळी असणार. आपल्या बापाचं इथं काय चालतंय?

पोरं हसली. दोन हजारचं दशक संपत आलेलं, अवसरीला इंजिनियरिंगचं कॉलेज झालेलं, तिथली चारदोन पोरं यायची. ती हसणारच. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

बापू हसले नाहीत. बापू म्हणजे जिमचे मालक. माझ्याच वयाचे, मोठे बागायतदार, हायवेला लागून जमीन. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तू त्या मेंढक्याचा ना रं? आमच्या वावरात बसायचा तुमचा वाडा."

बसायचा. कांदे निघाले की त्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची. मेंढरांचं खत त्यांच्या जमिनीला, बदल्यात आम्हाला धान्य. बापू बांधावर उभे राहून आमच्याकडे बघायचे, हातात बिस्किटाचा पुडा. मी मेंढरांमागे. आम्ही कधी बोललो नव्हतो.

"व्हय," मी म्हणालो.

"तरीच. मेंढरं कळत्यात, लोखंड कळत नाय." आता सगळी जिम हसली. "झाडू तिकडं हाये. काचा भर."

मी काचा भरल्या. पस्तिशी ओलांडलेला माणूस, पतसंस्थेतला शिपाई, दोन लेकरांचा बाप. गुडघ्यावर बसून काचा भरत होतो आणि प्रत्येक काचेत थोडा थोडा दिसत होतो.

आरशाची भरपाई दे म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ दे. तू असं कर. पहाटं येत जा. जिम उघड, झाडून काढ, प्लेटा पूस. पोरं यायच्या आधी तुझं काय ते उचलून घे. फुकट."

फुकट! मी उड्या मारत घरी आलो. बायकोला म्हणालो, "बापूंनी जिमची चावी दिली माझ्याकडं. विश्वास लागतो."

ती भाकरी थापत होती. "चावी दिली का झाडू दिला?" तिने विचारलं.

मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

जिमला जाण्याचं कारणही हीच होती. माझी कंबर धरली होती. दिवसभर स्टुलावर बसून दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, पाठीत ताकद नाही, वजन उचलायची सवय करा. माझे वडील गाभण मेंढी खांद्यावर टाकून घोडनदी उतरायचे. आणि मला गॅसची टाकी जिन्यावरून वर नेता येईना. मधल्या पायरीवर मी टाकीला मिठी मारून उभा. बायको वरून आली, मला बाजूला केलं, टाकी उचलली आणि नेली. काही बोलली नाही. ते न बोलणं मला लागलं.

लोक विचारतात, व्यायामाची प्रेरणा कुठून मिळाली? पैलवानाच्या फोटोतून नाही. गॅसच्या टाकीतून.

तर मी पहाटे जाऊ लागलो. झाडायचो, पुसायचो, उचलायचो. पोरं आली की थांबायचो खरा, पण सुटका नसायची. "काका, दोन प्लेटा लावा." "काका, तेवढं डंबेल द्या." ऑफिसची वेळ होईपर्यंत मी लोखंड इकडून तिकडे करायचो. आता दोन्ही बाजूंनी सारखं, हे सांगायला नको. यातून झालं असं, की पोरं रॉड दहापाच वेळा उचलून आरशात दंड बघत बसायची आणि मी मात्र त्यांच्या प्लेटा वाहून वाहून भरत गेलो. कंबर सुटली. बनियन दंडात रुतायला लागला. पतसंस्थेचे साहेब एकदा म्हणाले, "काय रे, गोण्या उचलायला जातोस काय?" मी लाजून हसलो.

माझं खरं काम मात्र बापूंचं होतं. ते बेंचवर उताणे झोपायचे, छातीवरून रॉड वर ढकलायचे. मी त्यांच्या डोक्याशी उभा. रॉडला खालून बोटं लावायची, अडला तर हात द्यायचा. पुढे पुढे तो रोजच अडायला लागला. वजन वाढत गेलं तसा माझ्या हातांचा वाटाही. पोरं ओरडायची, "वा बापू! एक नंबर!" बापू लाल होऊन उठायचे, आणि मला खांद्यापर्यंत कळ यायची. बापू एकदाही वर बघायचे नाहीत. माझा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर उलटा असायचा, तरी नाही.

मला हे कळत होतं. हेच आज जास्त बोचतं. कळत होतं आणि मी म्हणायचो, असू दे, आपल्याला लोखंड मिळतंय ना.

मग खंडेनवमी आली. घरोघरी हत्यारं, अवजारं पुजतात. बापूंनी जिमचं लोखंड पुजायचं ठरवलं. मी आदल्या दिवशी एकूणएक प्लेट धुतली, पुसली. रॉडला झेंडूच्या माळा. बेंचला हळद-कुंकू. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. हे मी बोललोही. बापू म्हणाले, "पाव्हणे आजच येनारेत."

पाहुणे आले. पुण्याकडचे, पांढरे कपडे, दोन गाड्या. पेढे वाटले. मी ट्रे घेऊन फिरत होतो. एका पाहुण्याने पेढा घेता घेता माझा दंड बघितला. त्याने सरळ हात लावून बघितला. म्हणाला, "बापू, हे पैलवान कोण? यांचा आखाडा कुठला?"

माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? मी ट्रे जरा उंच धरला.

बापू मोठ्यांदा हसले. "पैलवान कसला राव! याचा बाप आमच्या वावरात मेंढरं बसवायचा. आमचाच मानूस हाये. हा उचलत नाय, उचलून देतो."

सगळे हसले.

मीही हसलो. पेढ्यांचा ट्रे हातात घेऊन, दात दाखवून हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

बापूंनी शर्ट काढला. बेंचवर झोपले. त्यांच्या सांगण्यावरून वजन मीच लावलं होतं, नेहमीपेक्षा जास्त. त्यांनी रॉडला हात घातले, डोळे मिटले. पाहुणे भोवती जमले.

"धर रे."

मी त्यांच्या डोक्याशी उभा होतो. हात पुढे जाईनात. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. वडील डोळ्यांपुढे आले असंही नाही. हातच गेले नाहीत.

"धर की."

"नाय धरत."

त्यांनी डोळे उघडले. पहिल्यांदा वर, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हनला?"

"तुमी उचला. मी बगतो."

बाहेर हायवेला कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे वाजत होते. बापूंनी दात आवळले. रॉड स्टँडवरून बोटभर सुटला, थरथरला, आणि ठणकन परत बसला. झेंडूची माळ तुटून त्यांच्या छातीवर पडली.

"खांदा धरलाय आज," ते पाहुण्यांना म्हणाले. मग मला, हळू आवाजात, "चावी ठेव. भाईर हो."

मी चावी बेंचवर कुंकवाशेजारी ठेवली आणि निघालो. ताठ मानेनं, दमदार पावलं टाकत. चौकात पोचल्यावर पायांना चटके बसले. चपला जिममध्येच राहिल्या होत्या. नव्या होत्या. पाच मिनिटं तिथेच एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभा राहिलो. परत गेलो नाही. घरापर्यंत डांबरावरून अनवाणी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. जायचं कुठे? हात शिवशिवत होते. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. बैठका काढल्या. जोर काढले. भागेना. पतसंस्थेत स्टुलावर टिकेना. उगीच फायलींचं कपाट सरकवलं, परत जागेवर सरकवलं. साहेब म्हणाले, "तुला झालंय काय?" काय सांगणार? लोखंडाची तल्लफ लागली होती, बिडीसारखी.

आठवडाभराने बापूंचा निरोप आला. कॉलेजचा पोरगा चपला घेऊन दारात. "काका, बापू म्हणले झालं गेलं सोडून द्या. उद्यापासून या. जिम कोण उघडत नाय."

चपला घेतल्या. पायात घातल्या. रात्रीपर्यंत माझं अर्धं मन जिममध्येच होतं. काय बिघडणार होतं? फक्त बोटं लावायची. बदल्यात एवढं लोखंड. आणि नाही गेलो तर महिन्याभरात ढेरी परत, कंबर परत, जिन्यात टाकीला मिठी परत. हे सगळं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच चीड आली. वजन कुठलंही असो, जमिनीकडेच ओढतं, ते काय बापूंना विचारून?

रविवारी मी गोडेतेलाचे दोन रिकामे डबे आणले. शेजाऱ्याचा स्लॅब पडत होता, त्याच्याकडून सिमेंट-खडीचा माल मागून घेतला. विहिरीवरचा जुना पाइप. पाइपाचं एक टोक एका डब्यात उभं करून माल ओतला, तो घट्ट झाल्यावर उलटं करून दुसऱ्यात. पक्का होईपर्यंत रोज पाणी मारलं. पोरं म्हणायची, पप्पा घर बांधतायत.

पहिल्या दिवशी अंगणात उचलायला गेलो, तर डावीकडे माल कमी पडलेला. पाइप कलला. उजवा डबा मला घेऊन निघाला. म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा तीच चूक. पण बायको पाण्याचा हंडा घेऊन येत होती. तिने हंडा खाली ठेवला आणि डबा खालून धरला. मी पाइप डोक्यावर नेला. तोंड वाकडं झालं होतं, पण नेला. आणि तसाच, वरच्या वर, जमेल तेवढ्या आवाजात म्हणालो, "आता कुनाच्या डोक्याशी उभा राहनार नाय. मरेपर्यंत उचलनार. पन आपलं आपन. उचलून देनं बंद."

डबे खाली आले. धूळ उडाली. बायकोने पदराला हात पुसले. पाण्याने भरलेला हंडा तिथेच होता. तिने तो उचलला नाही.

"लई चांगलं," ती म्हणाली. "मंग एक जोडी मला बी वता. मी बी लग्न झाल्यापासनं डोक्याशी उभीच हाये. आन् ह्यो हंडा तुमी आत न्या."