खोगिराच्या दुकानातले डॉक्टर

मोठ्या इस्पितळाच्या दारात डॉक्टरांचा पुतळा आहे. त्याच्या उजव्या हातात शस्त्रक्रियेची सुरी आहे. पुतळा घडवणाऱ्याची त्यात चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आयुष्याची शेवटची अकरा वर्षं डॉक्टरांना त्या हाताने साधा चमचाही धरता येत नव्हता. ज्या पुस्तकामुळे जग त्यांना ओळखतं, ते त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. आणि तो डावा हात तयार झाला इस्पितळामागच्या दुसऱ्या गल्लीत, घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दुकानात.

चामड्याला भोक पाडायची आरी सदा हातात, म्हणून बाजारात तिला सगळे आरीवाल्या ताई म्हणत. उंचीने बेताची, आवाजाने मात्र तीन दुकानं पलीकडे ऐकू जाणारी. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि भाऊ नऊ वर्षांचा. शेजारीपाजारी म्हणाले, दुकान विकून टाक, बाईमाणसाच्या हातचं खोगीर कोण घेणार? ताईने दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि वडिलांचं अर्धवट राहिलेलं खोगीर पुरं करायला बसली. त्या खोगिरावर बसणारा माणूस पडला नाही, म्हणून पुढचं गिऱ्हाईक आलं. असं एकेक टाका घालत तिने भावाला शाळेत घातलं, वैद्यक शिकवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला, की म्हणायची, "मला सवड कुठे? आणि सवड झाली तेव्हा मागणी घालणारे म्हातारे झाले होते."

भाऊ मोठा झाला, नावारूपाला आला. पोट उघडून आतडं शिवावं तर डॉक्टरांनीच, अशी ख्याती परमुलखात पोचली. मग एका सकाळी, चोपन्नाव्या वर्षी, ऑपरेशनआधी हात धुताना त्यांच्या हातातून साबण निसटला. उचलायला वाकले ते तसेच खाली बसले. अर्धांगाचा झटका.

सहा आठवड्यांनी ते काठी टेकत चार पावलं टाकू लागले, तोंडही सरळ झालं, पण उजवा हात काही परतला नाही. बरोबरीचे डॉक्टर येत, गोड बोलत, घड्याळ बघत, जात. इस्पितळाने एक सुंदर अक्षरातलं पत्र पाठवलं. त्यात आभार होते, आशीर्वाद होते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलं तेही होतं. पत्र वाचून डॉक्टर भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठेचनात.

रविवारी ताई भेटायला गेली, तेव्हा भावजय त्यांना पेज भरवत होती. चमचा वर जाई, तोंड उघडे, चमचा खाली येई. डावा हात पांघरुणावर नुसता पडलेला, बाजारातून आणून ठेवलेल्या भाजीसारखा.

ताई म्हणाली, "अगं, उद्यापासून याला भरवू नकोस."

"वन्सं, काहीतरीच काय! उपाशी राहतील ते."

"राहू दे. भूक त्याच्याहून मोठी डॉक्टर आहे."

भावजयीने डोळ्याला पदर लावला, पण नणंदेपुढे तिचं काही चाललं नाही. डॉक्टर दीड दिवस उपाशी राहिले. मग डाव्या हाताने चमचा धरला, निम्मी पेज सदऱ्यावर सांडली आणि संतापाने वाडगा भिंतीवर फेकला. ताईने भिंत पुसली आणि दुसरा वाडगा पुढे केला. या खेपेला पत्र्याचा.

"हा फुटत नाही," ती म्हणाली. "पाहिजे तितक्यांदा फेक."

खाणं जमल्यावर तिने पुढचं पाऊल टाकलं. घोडागाडी घेऊन दारात हजर झाली आणि भावाला दुकानात चल म्हणाली.

"ताई, मी सर्जन आहे. खोगिरं शिवणारा नाही."

"सर्जन होतास. आज तू दोन्ही नाहीस. त्यातलं एक तरी हो."

भावजय दाराआड थिजली. डॉक्टरांशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते गाडीत चढले.

पहिले तीन दिवस त्यांनी आरीला हात लावला नाही. चामड्याच्या गुंडाळ्या, मेणाचे गोळे आणि टांगलेले लगाम यांच्यामध्ये ते स्टुलावर बसून राहत. ताई आपलं काम करत असे. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"तो टाका ओढ खातोय. सुटेल."

"मग तू घाल."

"एका हाताने?"

उत्तरादाखल ताईने दोन फळ्यांचा लाकडी चिमटा त्यांच्या गुडघ्यांत दिला. त्यात चामडं घट्ट धरता येई. आधी आरीने भोक पाडायचं, मग त्याच हातात सुई घ्यायची, भोकातून ओवायची, आणि दोऱ्याचं दुसरं टोक दातांत धरून आवळायचं.

"दातांत? ऑपरेशनच्या टेबलावर दोरा दातांत धरला तर मला हाकलून देतील."

"हे टेबल माझं आहे."

पहिला टाका घालायला त्यांना पाऊण तास लागला, आणि तोही वाकडा. दुसऱ्या वेळी आरी मांडीत घुसली. पूर्वी अवघडातलं अवघड ऑपरेशन झालं, की ते म्हणत, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. आता ते आठवून त्यांनाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ताईने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

महिनाभराने एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ताई सांगे ते नेमकं असे: "अंगठा इथे नको, टोचेल. कोपर फळीला टेकव, नाहीतर तिसऱ्या टाक्याला हात थरथरतो." दोन्ही हात धडधाकट असलेल्या बाईला हे कळलं कसं? त्यांनी तिचा डावा हात ओढून बघितला. बोटांच्या टोकांना जुन्या-नव्या जखमा, अंगठ्याची कड चिरलेली.

"हे काय?"

"काय असणार? आरी लागली."

"डाव्या हाताला?"

ताईने हात सोडवून घेतला. मग नाइलाजाने सांगितलं. त्यांना दुकानात आणण्याआधी दोन आठवडे, आणि नंतरही रोज दुकान बंद केल्यावर, ती स्वतःचा उजवा हात पट्ट्याने कमरेला बांधून शिवायला बसत होती. "मला येत नाही ते तुला कसं शिकवू?" ती वैतागून म्हणाली. बासष्टाव्या वर्षी.

त्या दिवसापासून गाडी यायच्या आधीच डॉक्टर तयार होऊन बसू लागले.

नऊ महिन्यांनी त्यांच्या हातचा पट्टा ताईने खुंटीला अडकवून अंगाचा भार टाकून ओढला. एकही टाका हलला नाही. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "झालं. पुढच्या महिन्यात मी इस्पितळात जातो. परत ऑपरेशन करतो."

इतके दिवस ज्याला ढकलत आणलं, त्याला आता ताईलाच अडवायचं होतं.

"सहा टाक्यांना किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

"आणि पोट उघडं असताना दहा मिनिटांत माणसाचं काय होतं?"

डॉक्टर खुंटीवरचा पट्टा काढून गुंडाळू लागले.

"मी खोगीर शिवते तेव्हा घोडा थांबतो रे. रक्त थांबत नाही, हे तूच मला शिकवलंस. तुझ्या हट्टापायी कोणाचा जीव नको."

डॉक्टर काठी आपटत निघून गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. ताई रोज त्यांचं स्टूल पुसून ठेवी आणि स्वतःच्या जिभेला शिव्या देई, पण समजूत घालायला गेली नाही. बोलली होती ते खरं होतं, आणि खरं मागे कसं घेणार?

नवव्या दिवशी ते आले. गाडी न घेता, एकटे, चालत. काखेत कोऱ्या कागदांचं बाड.

"मी करू शकत नाही, पण कसं करायचं ते माझ्या डोक्यात आहे," ते म्हणाले. "लिहून काढतो. घरी सुचत नाही. इथेच बसू दे."

"बस. पण मला वाचून दाखवायचं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"म्हणूनच. मला कळलं, तर शिकाऊ डॉक्टरलाही कळेल."

लिहायला चार वर्षं लागली. डाव्या हाताची अक्षरं आधी कोंबडीच्या पायांसारखी होती, मग हळूहळू माणसात आली. ताई चामडं कापता कापता ऐके आणि मध्येच हात वर करी: "थांब. सुई कुठल्या बाजूने आत गेली ते तू सांगितलंच नाहीस." डॉक्टर चिडत, खोडत, पुन्हा लिहीत. पांडित्य दाखवणारी पानंच्या पानं तिने "ही सगळी खोगीरभरती" म्हणून गाळायला लावली. ते पुस्तक इतकं सरळ, इतकं स्वच्छ कसं, याचं आजही वाचणाऱ्यांना नवल वाटतं.

पुस्तक छापून आलं. सुरुवातीला इस्पितळाच्या विश्वस्तांचे आभार होते, तीन प्राध्यापकांचे होते. बहिणीचं नाव नव्हतं. भावजयच आधी चिडली: "वन्सं, तुम्ही काहीच कसं म्हणत नाही?"

"म्हणते की," ताई म्हणाली आणि भावाकडे वळली. "माझं नाव का नाही?"

डॉक्टर ओशाळले. "अगं, घरच्या माणसाचे आभार मानायचे असतात हे सुचलंच नाही."

"आता सुचलं ना? दुसऱ्या आवृत्तीत घाल."

त्यांनी मान डोलावली. पण दुसरी आवृत्ती निघायच्या आधीच दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. ताईला वाईट वाटलं, भाऊ गेल्याचं. नावाचंही वाटलं, आणि ते तिने कोणापासून लपवलं नाही. पुढे चरित्रकार आला तेव्हा तिने त्याला अख्खी दुपार सगळं सांगितलं. त्याने छापलं, "आप्तांनी त्यांची मनोभावे सेवा केली." ती ओळ वाचून ताई म्हणाली, "सेवा कसली? उपाशी ठेवलं होतं त्याला."

पण डॉक्टरांचा डावा हात कोणी तयार केला, ते इस्पितळातल्या परिचारिकांना ठाऊक होतं. एके दिवशी त्यांच्यापैकी एकीने गिरणीतल्या एका विणकरणीला ताईकडे पाठवलं. तिचा उजवा पंजा यंत्रात गेला होता. घरात दोन लहान मुली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"आज नाहीच जमणार," ताई म्हणाली. "आत ये, बस. गुडघे जवळ घे. हा चिमटा असा धरायचा."

एक्क्याऐंशीव्या वर्षी हात थकेपर्यंत ताईने अशा चौदा जणांना शिकवलं. त्यांतल्या अकरा जणांनी पुढे स्वतःच्या कष्टाने घर चालवलं. ती विणकरीण त्यांतलीच एक. ताई थकल्यावर दुकान तिनेच हातात घेतलं.